कोयनेच्या पाण्याचं हिरवं माप

पावसाळ्यात पाटण तालुक्यातली शाळकरी पोरंसुद्धा कोयनेचे आकडे तोंडपाठ सांगतात. नवजाला काल किती मिलिमीटर, महाबळेश्वरला किती, धरणात आवक किती, साठा किती टीएमसी, पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू आहे की दोन्ही. दोन्ही सुरू असली की नदीत २१०० क्युसेक, हेही त्यांना ठाऊक असतं. सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले यावर कराडपासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंतच्या नदीकाठची झोप ठरते. त्यामुळे १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, तासातासाला ठेवला जाणारा हा हिशेब कौतुकाचाच आहे.

पण तो पाणी किती याचा हिशेब झाला. पाणी कसं आहे हे विचारलं की आपली भाषा एकदम ढिली पडते: निवळ, गढूळ, हिरवट, वास मारणारं. फार तर ‘पिण्यायोग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ असा शिक्का. या दोन शिक्क्यांच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात पाण्याची तब्येत सावकाश बिघडत असते, आणि ती बिघडतेय हे सर्वांत आधी कळतं ते शेवाळावरून. शेवाळ मोजून पाण्याची परीक्षा करण्याचं शास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सांडपाणी मिसळलेल्या नदीत कुठे कोणते सूक्ष्मजीव सापडतात, याच्या याद्या करून ठेवल्या होत्या. युरोपीय संघाच्या २०००च्या पाणीविषयक कायद्यानं तर नदी-तळ्यांची प्रत ठरवताना शेवाळाची पाहणी हा एक अधिकृत निकषच केला. आपल्याकडे हे ज्ञान वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत आहे, प्रबंधांत आहे. कोयनेच्या काठावर ते कोणत्या रूपात उतरवता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. नदी हिरवी झाली की बातमीत शेवाळ आणि केंदाळ यांची सरमिसळ होते. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, ही पानाफुलांची, तरंगणारी, मोठी वनस्पती. ती यंत्रानं उपसता येते, ट्रॉलीत भरता येते, आणि उपसली की फोटोही चांगला येतो. शेवाळाचं तसं नाही. दगडावरचा निसरडा थर, डबक्यातल्या हिरव्या दोऱ्या हे त्याचं डोळ्यांना दिसणारं रूप. पाण्याचा दर्जा ठरवणारं बरंचसं शेवाळ मात्र एकपेशीय असतं आणि ते सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. पाणी हिरवं दिसायला लागतं तेव्हा एका लिटरमध्ये त्याच्या कोट्यवधी पेशी झालेल्या असतात. म्हणजे डोळ्यांना कळतं ते फार उशिरा.

डोळे फसवतातही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा शेवाळानं रंग बदलला असं सगळीकडे बोललं गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तर रंग होता हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा. लोणारचं खारं पाणी आणि कोयनेचं गोडं पाणी यांची तुलना होत नाही, पण रंगावरून निदान करू नये हा धडा दोन्हीकडे लागू आहे.

आता शेवाळच का मोजायचं? थेट नायट्रेट आणि फॉस्फेट मोजली तर काय बिघडलं? काही बिघडत नाही, मोजावीतच. पण फॉस्फरसच्या बाबतीत एक गंमत होते. शेवाळ तो इतक्या झपाट्यानं खातं की भरपूर फॉस्फरस येत असलेल्या पाण्यातही विरघळलेलं फॉस्फेट जवळजवळ शून्य दिसू शकतं. रसायनाचा अहवाल म्हणतो पाणी स्वच्छ, आणि तोच फॉस्फरस शेवाळाच्या पेशींत साठलेला असतो. शेतातून वाहून आलेलं डीएपी, गावाचं सांडपाणी, कपड्याचा साबण, गोठ्यांचं धुणं यांतून काय आलं याची पावती रसायनापेक्षा शेवाळ जास्त प्रामाणिकपणे देतं. फॉस्फरसचं महत्त्व कळायलाही एक तळंच कामी आलं. कॅनडातल्या २२६ क्रमांकाच्या प्रायोगिक तळ्याचे १९७३ मध्ये मधोमध पडदा घालून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, एकाच भागात त्यासोबत फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, पडद्यापलीकडचा नाही. डेव्हिड शिंडलर यांच्या या प्रयोगाचा आकाशातून काढलेला फोटो धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटविरुद्धच्या वादात हजार पानांच्या अहवालांपेक्षा जास्त चालला.

दुसरं कारण वेळेचं आहे आणि माझ्या मते आपल्या सध्याच्या पाणीतपासणीतली सर्वांत मोठी फट तीच आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचा जो गुणवत्ता निर्देशांक काढतं तो चार गोष्टींवर उभा आहे: सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जीवाणू. यातल्या ऑक्सिजनकडे बघू. केंद्रीय मंडळाच्या ‘अ’ वर्गाच्या पाण्यात तो लिटरला निदान ६ मिलिग्रॅम हवा. २५ अंशांच्या पाण्यात हवेतून विरघळून साधारण ८.३ मिलिग्रॅम मावतो. आता बंधाऱ्यात तुंबलेलं, शेवाळानं भरलेलं पाणी घ्या. भर दुपारी ते शेवाळ प्रकाशसंश्लेषण करून इतका ऑक्सिजन सोडतं की आकडा दहा-बारावर जातो. नमुना घेणारा माणूस गाडी घेऊन निघतो, अकरा-बाराला पोचतो, बाटली भरतो. अहवालात पाणी उत्तम! त्याच पाण्यातलं तेच शेवाळ रात्रभर श्वास घेतं, पहाटेपर्यंत ऑक्सिजन दोनच्या खाली येऊ शकतो, आणि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. नदीकाठचा मासेमार हे पिढ्यान्‌पिढ्या बघत आलाय. सामूचंही असंच: शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू ९च्या वर जातो, रात्री परत उतरतो. म्हणून वेळ न लिहिलेला ऑक्सिजनचा आकडा मी तरी आकडा मानत नाही. शेवाळ किती आहे हे सोबत मोजलं तरच दुपारच्या त्या बाराचा अर्थ लागतो.

पाटण तालुका या अभ्यासासाठी असा काही घडलेला आहे की वेगळी प्रयोगशाळा बांधायची गरज नाही. महाबळेश्वरला उगवलेली कोयना दक्षिणेकडे वाहते, धरणात अडते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पाटणला केरा तिला येऊन मिळते. मोरणा, तारळी, वांग, चाफळची उत्तरमांड अशा नद्यांची खोरी तालुक्यात उघडतात आणि त्यांतल्या बहुतेकींवर धरणं झाली आहेत. म्हणजे तीन तऱ्हेचं पाणी एका तालुक्यात: खोल जलाशय, कातळावरून धावणारे ओढे, आणि सखल भागात बर्गे घालून अडवलेली, उन्हाळ्यात जवळजवळ थांबलेली नदी. तिन्हींना एकच चाचणी लावली तर तिन्ही आकडे निरुपयोगी ठरतात. बाहेरून तयार पद्धत आणून बसवणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

जलाशयापासून सुरुवात करू. शिवसागर सुमारे ५० किलोमीटर लांब पसरलेला, डोंगरांच्या मधून वाकत गेलेला, काठाला असंख्य बोटं फुटलेला आहे. एका बाजूला कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्यामुळे पाणलोट बऱ्यापैकी राखलेला. अशा पाण्याचं सर्वांत स्वस्त माप म्हणजे सेकी तबकडी. १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून अँजेलो सेकी या पाद्री-खगोलशास्त्रज्ञानं भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलीला दिसेनाशा होतात हे पाहिलं. आज वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी, खुणा केलेली दोरी आणि होडी एवढ्यावर काम भागतं. १९७७ मध्ये रॉबर्ट कार्लसन यांनी त्यावरून तळ्याच्या सुपोषणाचा निर्देशांक बसवला: तबकडी चार मीटरला दिसेनाशी झाली तर ४०, दोन मीटरला ५०, एक मीटरला ६०. दर दहा अंकांना पारदर्शकता निम्मी होते.

हे साधं माप सह्याद्रीत मात्र वर्षातले काही महिने खोटं बोलतं. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर जांभ्याची तांबडी माती वाहून येते. तबकडी अर्ध्या मीटरला गायब होते ती गाळामुळे, शेवाळामुळे नव्हे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आले. तसे कडे कोसळले की त्या बाजूच्या ओढ्यांतून गाळ पुढे कितीतरी पाऊस उतरत राहतो. कार्लसन यांचा निर्देशांक ज्या तळ्यांत गढूळपणा मुख्यतः शेवाळाचा असतो, त्यांच्यासाठी आहे. त्यामुळे शिवसागरात सेकीचं माप दिवाळीनंतर सुरू करावं आणि वळवापर्यंत चालवावं, आणि त्याच्या जोडीला हरितद्रव्य मोजावं.

हरितद्रव्याची, म्हणजे क्लोरोफिल-अ ची मोजणी हा या शास्त्राचा कणा आहे. ठरावीक पाणी काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळायचं, कागद नव्वद टक्के ॲसिटोनमध्ये घोटून अंधारात थंड ठेवायचा, उतरलेला हिरवा अर्क वर्णपटमापीत ६६४ नॅनोमीटरच्या आसपास तपासायचा. मग आम्लाचा थेंब टाकून पुन्हा मोजायचं, म्हणजे मेलेल्या शेवाळाचं बिघडलेलं रंगद्रव्य वजा करता येतं. ही युक्ती लोरेन्झन यांनी १९६७ मध्ये दिली. मापं सर्वमान्य आहेत. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या १९८२च्या अभ्यासानुसार वर्षाची सरासरी लिटरला २.५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर तळं ‘अल्पपोषी’, ८ पर्यंत मध्यम, २५ पर्यंत सुपोषित, त्याच्या पुढे अतिसुपोषित. ‘सुपोषित’ हा शब्द कानाला कितीही गोड लागला तरी तळ्याच्या बाबतीत ती चांगली बातमी नसते. या मर्यादा मुख्यतः थंड प्रदेशातल्या तळ्यांवरून बांधल्या आहेत. आपल्याकडच्या ऊबदार, बारमाही उन्हाच्या पाण्यात त्या जशाच्या तशा लावण्यापेक्षा त्याच जलाशयाचा कल वर्षानुवर्षं बघणं जास्त खात्रीचं.

कृती सोपी दिसते, अडचण रस्त्याची आहे. हरितद्रव्य उजेडात आणि उष्णतेत भराभर बिघडतं. काठावर भरलेली प्लास्टिकची बाटली जीपच्या मागच्या सीटवर उन्हात ठेवून साताऱ्याला किंवा कोल्हापूरला नेली तर प्रयोगशाळेत पोचतो तो आकडा जलाशयाचा नसतो, प्रवासाचा असतो. पाणी काठावरच गाळून, कागद ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, बर्फाच्या पेटीतून नेला तर निम्मी लढाई जिंकली. दुसरी निम्मी म्हणजे नमुना कुठला? धरणाच्या भिंतीजवळचं पाणी म्हणजे शिवसागर नव्हे. ओढे मिळतात त्या बोटांच्या टोकांना, काठावरच्या वस्त्यांजवळ, जिथे पाणी उथळ आणि संथ आहे तिथे हिरवळ आधी धरते. आणि पृष्ठभागावरचा एकच नमुना पुरत नाही. उन्हाळ्यात खोल जलाशयात कोमट थर वर, थंड थर खाली असे थर पडतात, शेवाळ वरच्या थरात राहतं. तेव्हा नळीनं वरच्या काही मीटरचा मिळून एक नमुना घ्यावा लागतो.

या पाण्याच्या हिशेबात एक वेगळा वाटेकरी आहे तो विसरू नये. कृष्णा लवादानं कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला मुभा दिली. ते पोफळीकडून वाशिष्ठीत उतरून चिपळूणकडे जातं. शिवसागर हिरवा झाला तर प्रश्न फक्त कराड-सांगलीचा राहणार नाही.

एवढ्या पसरलेल्या पाण्यावर होडीनं फिरणं महागडं, म्हणून उपग्रह. युरोपच्या सेंटिनल-२ जोडीचा फेरा पाच दिवसांचा आणि चित्रं फुकट. तांबड्या रंगाच्या ६६५ नॅनोमीटरच्या आणि त्याच्या कडेच्या ७०५ नॅनोमीटरच्या पट्ट्यांच्या फरकावरून पाण्यातलं हरितद्रव्य काढायचा निर्देशांक सच्चिदानंद मिश्रा आणि दीपक मिश्रा यांनी २०१२ मध्ये सुचवला आणि तो आता जगभर वापरला जातो. पुणे-पिंपरीचं सांडपाणी झेलणारं उजनी तर उन्हाळ्यात या चित्रांत हिरवं उठून दिसतं. पण पावसाळ्याचे चार महिने कोयनेवर ढगांची चादर असते, आणि जमिनीवरच्या मापांशी ताडून पाहिल्याशिवाय उपग्रहाचा हिरवा हा फक्त रंग असतो. उपग्रह कुठे बघायचं ते सांगेल. काय आहे ते होडीतल्या माणसानंच सांगायचं.

वर धावणाऱ्या ओढ्यांत ही सगळी सामग्री निकामी. तिथे पाणी इतकं वेगानं जातं की त्यात तरंगणाऱ्या शेवाळाला वाढायला उसंत नसते. बाटलीत भरलेलं पाणी काचेसारखं दिसतं. तिथला सगळा कारभार दगडावर चालतो. पावलाखाली घसरतो तो तपकिरी थर म्हणजे बहुतांशी डायटम: गारेच्या, म्हणजे सिलिकाच्या, कोरीव पेटीत राहणारी एकपेशीय शेवाळं. या पेट्यांची नक्षी जातीगणिक वेगळी, आणि प्रत्येक जातीची पाण्याबद्दलची आवड ठरलेली. निर्मळ, खळाळत्या पाण्यात ‘अॅक्नँथिडियम मिन्युटिसिमम’सारख्या जाती दगडावर दाट बसतात. सांडपाणी मिसळलं की त्यांची जागा ‘नित्शिया पॅलिया’ घेते. पाणी तपासायला गेलो त्या दिवशी कुणी सांडपाणी सोडलं नव्हतं, ही सबब इथे चालत नाही, कारण दगडावरची वस्ती गेल्या काही आठवड्यांचं पाणी भोगून बसलेली असते.

आणि लागतं काय? वेगाच्या उथळ पाण्यातले पाच दगड, दात घासायचा ब्रश, ताट, आणि एक बाटली. दगडाचा वरचा भाग घासून धुवायचा, घासलेलं क्षेत्र मोजायचं. प्रयोगशाळेत आम्लात किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळून सेंद्रिय भाग जाळायचा, उरलेल्या सिलिकाच्या पेट्या स्लाइडवर कायम बसवायच्या, हजारपट मोठं करून सुमारे चारशे पेट्या मोजायच्या. अवघड आहे ते शेवटचं काम, ओळखण्याचं. त्याला डोळा घडलेला माणूस लागतो. शिवाय वेळ पाळावी लागते. पावसाळ्यातला लोंढा दगड खरवडून साफ करतो, त्यामुळे मोठा पूर ओसरल्यावर निदान चार आठवडे थांबावं, नाहीतर पुराची मोजणी होते, प्रदूषणाची नाही.

डोळा घडलेल्या माणसांची परंपरा आपल्या भागाला नवी नाही, हे सांगताना मला थोडा अभिमानही वाटतो आणि थोडी चीडही येते. एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तळ्यात ऋतूगणिक कोणतं शेवाळ कसं बदलतं, याची नोंद १९४६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापली. एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात राधानगरी, कोल्हापूर परिसर आणि पन्हाळगड इथले डायटम जातवार रेखाटले. पन्हाळगडावरचा त्यांचा निबंध १९५९ मध्ये ‘हायड्रोबायोलॉजिया’त आला. एन. डी. कामत यांचा कोल्हापूरच्या शेवाळांवरचा दीर्घ निबंध त्याच नियतकालिकात १९६३ मध्ये. म्हणजे पाटणपासून दीडशे किलोमीटरच्या आतल्या पाण्याची, मोठी धरणं आणि उसाचा पसारा वाढण्याआधीची, जातवार नोंद आपल्याकडे छापील आहे. गांधींनी नोंदवलेल्या कोल्हापूरच्या ‘गोम्फोनेमा’ जातींचा बी. कार्तिक आणि पॅट्रिक कोचिओलेक यांनी २०१२ मध्ये पुनर्विचार केला, आणि आघारकर संस्थेत पश्चिम घाटाच्या डायटमांवरचं काम आजही चालू आहे. त्या कामातून एक महत्त्वाची अडचण पुढे आली: पश्चिम घाटातल्या बऱ्याच जाती फक्त इथल्याच आहेत. युरोपीय निर्देशांकांच्या यादीत त्यांना गुणच नाहीत. फ्रान्सच्या नद्यांसाठी बनवलेलं सूत्र केरेच्या दगडांना लावलं तर निम्म्या पेट्या मोजणीबाहेर राहण्याची भीती असते.

तालुक्यातल्या सड्यांवरची पावसाळी डबकी तर आणखी वेगळी. सडावाघापूरच्या किंवा वनकुसवड्याच्या पठारावर जांभ्याच्या खळग्यांत चार महिने साठणारं पाणी नुसत्या पावसाचं असतं, पोषकद्रव्यं अगदी कमी. तिथल्या शेवाळाला ‘मूळ स्थिती’ म्हणून नोंदवून ठेवणं हे स्वतंत्र काम आहे.

आता तिसरं पाणी, आणि खरी काळजी इथली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी कृष्णा-कोयना खोऱ्याची शेती उभी केली, यात वाद नाही. पावसाळा संपला की बर्गे घालतात, पाणी अडतं, उपसा सुरू होतो. उन्हाळ्यात आवर्तनाच्या मधल्या काळात नदीची एकामागोमाग एक संथ, कोमट, उथळ तळी होतात. त्यात दोन्ही काठांच्या उसाला टाकलेलं खत आणि काठावरच्या गावांचं सांडपाणी उतरतं. नील-हरित शेवाळाला याहून चांगलं घर मिळणार नाही. या गटाला शेवाळ म्हणतात, खरं तर हे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू. त्यांतला ‘मायक्रोसिस्टिस’ वायूच्या पिशव्यांवर तरंगतो, वारा पडलेल्या सकाळी वर येऊन हिरव्या रंगाच्या साईसारखा जमतो आणि वाऱ्याबरोबर एका काठाला ढकलला जातो. कोल्हापूरच्या रंकाळ्यानं त्याचा त्रास भोगला आहे. या सवयीमुळे नमुना कुठून, किती वाजता घेतला यावर आकडा शंभरपट बदलू शकतो.

यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं यकृतावर घाला घालणारं विष तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. उकळल्यानं ते नष्ट होत नाही, त्यामुळे ‘पाणी उकळून प्या’ हा आपला सरसकट सल्ला इथे उपयोगाचा नाही. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू इथे असं पाणी डायलिसिसला वापरल्यानं पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवराच्या पाण्यामुळे चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी तोंडाला लावू नका असं सांगावं लागलं.

आपल्याकडे विहिरी-तळ्यात शेवाळ झालं की हातात येतं ते मोरचूद. काही तासांत शेवाळ मरतं, पाणी निवळतं, सगळे खूश. पण विष पेशींच्या आत असतं, आणि पेशी फुटल्या की ते एकदम पाण्यात सुटतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातल्या शेवाळावर मोरचूद मारलं आणि त्यानंतर १४८ जण, त्यांत बहुतेक लहान मुलं, आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. कारण कळायला काही वर्षं गेली. शेवाळ कोणतं आणि किती हे न मोजता औषध मारणं किती महागात पडतं, याचं याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून बंधाऱ्याच्या पाण्यासाठी पेशी मोजाव्यात. नमुन्यात लुगॉलचं आयोडीन टाकून शेवाळ स्थिर करायचं, रात्रभर खाली बसू द्यायचं, मग एक मिलिलिटर पाणी मावणाऱ्या सेजविक-राफ्टर खोबणीत घालून सूक्ष्मदर्शकाखाली गणती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शनानुसार मिलिलिटरला २,००० नील-हरित पेशी ही पहिली धोक्याची पातळी, एक लाख ही दुसरी. पाण्यात बुडवून जागेवर आकडा देणारे फायकोसायनिन संवेदकही मिळतात. त्यांची किंमत ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली नाही, पण जिल्हा प्रयोगशाळेच्या आहे.

सरकारी मोजमापात सध्या याला जागा कुठे आहे? पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात पाणी शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांपासून मुक्त असावं असं लिहिलेलं आहे. गावपातळीवर जलजीवन मिशनचा क्षेत्रीय तपासणी संच आहे, तो वापरायला गावातल्या महिलांना शिकवलं गेलं आहे. त्यात सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड, उरलेलं क्लोरीन आणि जीवाणूंची बाटली. शेवाळ नाही. जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, क्लोरीनच्या ओटी चाचणीत पिवळा रंग आला की काम झालं. शिवाय स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळी, हिरवी कार्डं मिळतात. हिरवं कार्ड मिळालेल्या गावाच्या उद्भवाचं पाणी हिरवं असणं हे या व्यवस्थेत शक्य आहे, आणि ते कुणाच्या लक्षात येणार नाही. टीसीएलचं म्हणाल तर शेवाळानं भरलेल्या पाण्यात क्लोरीन निम्मं शेवाळातच खर्ची पडतं, वाळूच्या गाळण्या चोंदतात, आणि दोष पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यावर येतो.

विद्यापीठांतल्या प्रबंधांत मात्र शेवाळाची मोजणी भरपूर आहे, आणि तिथे एक सवय मला खटकते: पामर निर्देशांक. सी. मर्विन पामर यांनी १९६९ मध्ये प्रदूषण सहन करणाऱ्या वीस प्रजातींना गुण दिले. यूग्लिनाला ५, सिनेडेस्मसला ४, नॅव्हिक्युलाला ३. बेरीज वीस झाली की सेंद्रिय प्रदूषण नक्की. वापरायला सोपा, म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी तळ्यांवर तो चालवला गेला. पण तो प्रजातीच्या पातळीवर थांबतो. एकट्या नॅव्हिक्युलात अतिस्वच्छ पाण्यातल्याही जाती आहेत आणि गटारातल्याही. सह्याद्रीच्या निवळ ओढ्यालाही ती बेरीज गुण देऊन टाकते. प्रबंध पूर्ण होतो, पाण्याबद्दल काही कळत नाही.

पाटणसाठी हे सगळं आत्ताच का, तर पुढच्या दहा वर्षांत या पाणलोटात बरंच काही होऊ घातलंय. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या २३५ गावांच्या ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाचा आराखडा झाला आहे. शिवसागरावर मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालं आहे. रस्ते, हॉटेलं, सांडपाण्याच्या टाक्या येणार. विकासाला विरोध असो वा पाठिंबा, उद्या शिवसागर बदलला की नाही या वादात दोन्ही बाजूंना आजचा आकडा लागणार आहे. तो आज घेतला नाही तर दोन्ही बाजू आठवणीवर भांडतील.

काम फार मोठं नाही. शिवसागरावर चार-पाच ठिकाणं, दोन बोटांच्या टोकांना. केरा, मोरणा, उत्तरमांड यांच्या वरच्या आणि खालच्या टप्प्यात दगडांची प्रत्येकी एक जागा. पाटण ते कराड दरम्यानचे दोन-तीन बंधारे, आणि तुलनेसाठी कराडखाली बहे आणि म्हैसाळ. जलाशयावर महिन्याला सेकी आणि हरितद्रव्य, ओढ्यांवर डिसेंबर आणि एप्रिल असे दोनदा डायटम, बंधाऱ्यांवर फेब्रुवारी ते जून पंधरवड्याला पेशींची गणती, आणि तिथे सूर्योदयाच्या वेळी एकदा, दुपारी एकदा ऑक्सिजन. सूक्ष्मदर्शक पाटण-कराडच्या महाविद्यालयांत आहेतच. हरितद्रव्याचं काम शिवाजी विद्यापीठात होऊ शकतं, डायटम ओळखण्याचं शिक्षण आघारकर संस्थेकडून घेता येतं. पहाटेच्या ऑक्सिजनसाठी मासेमारांना सोबत घेतलं तर होडीचाही प्रश्न सुटतो, आणि मासे कुठे वर येतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

फक्त एक जपावं. हरितद्रव्याचा अर्क दुसऱ्या दिवशी फेकावा लागतो, आयोडीनमधला नमुना काही वर्षांत खराब होतो, पण सिलिकाच्या पेट्यांची नीट बसवलेली स्लाइड पन्नास वर्षांनीही पुन्हा तपासता येते. आज चुकीची ओळखलेली जात उद्याचा तज्ज्ञ दुरुस्त करू शकतो. तेव्हा प्रत्येक फेरीच्या दोन स्लाइड कराव्यात, एक महाविद्यालयात आणि एक दुसऱ्या गावच्या संस्थेत ठेवावी, आणि प्रत्येकीच्या काठावर ओढ्याचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख आणि घेतल्याची वेळ लिहावी. वेळ विसरू नये.